प्रीति आणि पंगत

ख्रिस्ती लोकांच्या लग्नांत एक उतारा फार आवडीनें वाचतात. पौल नांवाच्या प्रेषितानें करिंथ शहरच्या मंडळीला जें पहिलें पत्र लिहिलें, त्याचा तो तेरावा अध्याय. प्रीति काय करते आणि काय करीत नाहीं, हें त्यांत मोठ्या रसाळ रीतीनें सांगितलें आहे. नवरानवरी मान खालीं घालून ऐकतात, वऱ्हाडी डोळे पुसतात, आणि मग सारे जेवायला उठतात. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा उतारा वाचायचाच असेल तर जेवणाआधीं न वाचतां भर पंगतींत वाचावा. कारण तो लिहिला गेला तो कोणाच्या लग्नासाठीं नव्हे. त्याच्या दोनच अध्याय आधीं एका पंगतींत चाललेल्या अन्यायाची हकीकत आहे, आणि ती वाचल्याशिवाय प्रीतीचा अध्याय वाचणें म्हणजे फिर्याद न ऐकतां निकाल ऐकणें होय.

दुसऱ्याच्या धर्मग्रंथावर अग्रलेख कशाला, असें कोणी विचारील. जोतीराव फुले यांचें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ सालीं छापून निघालें. एकाच घरांत बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असे गुण्यागोविंदानें नांदावेत, असें त्यांत त्यांनीं सांगितलें. असें घर चालवायचें तर घरांतल्या माणसांनीं एकमेकांचीं पुस्तकें निदान चाळलीं पाहिजेत. शिवाय पंगतीचा प्रश्न आमच्या वाचकांना समजावून द्यावा लागत नाहीं. पहिली पंगत कोणाची, दुसरी कोणाची, आणि अंगणाच्या कोपऱ्यांत पत्रावळ घेऊन कोणी ताटकळायचें, हें ज्यांच्या आज्यापणज्यांनीं सोसलें, त्यांना करिंथची गोष्ट परकी वाटणार नाहीं.

करिंथ हें ग्रीस देशांतलें शहर, दोन समुद्रांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीजवळ वसलेलें. रोमी लोकांनीं तें इ. स. पूर्वी १४६ सालीं धुळीला मिळविलें, आणि सुमारें शंभर वर्षांनीं, इ. स. पूर्वी ४४ सालीं, जूलियस सीझरनें तेथें नवी वसाहत बसविली. त्या वसाहतींत गुलामगिरींतून सुटलेले लोक पुष्कळ होते. दोन्हीकडे बंदरें असल्यामुळें माल येई-जाई, पैसा खेळे. जेथें पैसा नवा तेथें मानपानाची हांव मोठी, हें आपण आपल्या तालुक्याच्या गांवींही पाहतों. येथें पौल इ. स. ५० च्या सुमारास आला आणि दीड वर्ष राहिला. (काळ इतक्या नेमकेपणानें सांगतां येतो याचें कारण असें कीं, गॅलियो नांवाच्या ज्या रोमी सुभेदारापुढें पौलाला उभें करण्यांत आलें, त्याचें नांव असलेला शिलालेख डेल्फी येथें सांपडला आहे.) पौल शिकलेला यहूदी होता, तरी पोटासाठीं राहुट्या करण्याचा धंदा करी. अक्विल्ला व त्याची बायको प्रिस्किल्ला हें त्याच धंद्याचें जोडपें बादशहाच्या हुकुमामुळें रोम सोडून करिंथांत आलें होतें. त्यांच्या घरीं राहून तो त्यांच्याबरोबर कामाला बसे. आपण आपल्या हातांनीं श्रम करतों, हें तो त्याच पत्रांत उघड सांगतो. आणि हें त्या काळीं, जेव्हां रोमी प्रतिष्ठित लोक हातानें काम करणाऱ्याला हलका समजत.

तेव्हां ख्रिस्ती लोकांचें देऊळ नव्हतें. ज्याचें घर मोठें त्याच्या घरीं मंडळी जमे. येशूनें मरणाच्या आदल्या रात्रीं शिष्यांबरोबर भाकरी मोडली व प्याला फिरविला, त्याच्या आठवणीचें हें जेवण असे. आज देवळांत वाटतात तो एक घांस नव्हे. पोट भरण्याचें जेवण. आतां वाचकहो, तो देखावा मनांत आणा. यजमान व त्याच्या बरोबरीचे स्नेही यांचा वेळ त्यांचा स्वतःचा. ते दिवस मावळण्याआधींच येऊन बसूं शकत. बंदरावरचा हमाल, कोणाची तरी दासी, भट्टीपाशीं राबणारा गुलाम यांचा वेळ धन्याचा. तीं माणसें काम सुटेल तेव्हां येणार. खणून काढलेल्या त्या काळच्या घरांवरून विद्वान् असा अंदाज करतात कीं, आंतल्या भोजनाच्या खोलींत नऊदहा माणसें लोडाला टेकून जेवूं शकत. बाकीच्यांनीं बाहेरच्या चौकांत दाटीनें बसायचें. शिवाय पाहुण्याच्या पायरीप्रमाणें अन्नही निरनिराळें वाढण्याची चाल रोमी लोकांत होती. धाकटा प्लिनी नांवाचा रोमी गृहस्थ एका पत्रांत लिहितो कीं, आपण एका घरीं जेवलों तेथें मद्याचे तीन प्रकार होते : एक यजमान व खाशा पाहुण्यांना, दुसरा कमी प्रतीच्या स्नेह्यांना, तिसरा गुलामगिरींतून सुटलेल्यांना. प्लिनीला तें रुचलें नाहीं, हें त्याला भूषणास्पद आहे. आपल्या घरीं सर्वांना एकच मद्य असतें, असें तो म्हणतो. आणि त्यानें खर्च वाढत नाहीं काय असें विचारतां उत्तर देतो कीं, नाहीं, कारण त्या दिवशीं ते माझें मद्य पीत नाहींत, मी त्यांचें पितों. हा मनुष्य ख्रिस्ती नव्हता, हेंही लक्षांत ठेवावें.

करिंथची बातमी पौलाच्या कानीं गेली तेव्हां तो समुद्रापलीकडे इफिस शहरीं होता. पत्र लिहायला कारणें पुष्कळ होतीं. मंडळींत तट पडले होते, भाऊ भावाला कोर्टांत खेंचीत होता, कोणाला आपल्या ज्ञानाची घमेंड होती. पण अकराव्या अध्यायांत तो पंगतीवर येतो तेव्हां त्याची लेखणी तापते. तुम्ही एकत्र जमतां त्यानें भलें व्हायचें सोडून वाईटच होतें, असें तो साफ सांगतो. जो तो आपलें जेवण पुढें ओढून उरकतो. एक उपाशी राहतो आणि एक पिऊन झिंगतो. ज्यांच्यापाशीं कांहीं नाहीं त्यांना तुम्ही लाज आणतां, हा त्याचा मुख्य आरोप. या जेवणाला प्रभूचें भोजन म्हणायलाच तो तयार नाहीं. प्रार्थना बरोबर झाली होती, प्याला फिरला होता, आठवण काढली होती, तरीही नाहीं!

आणि यावर त्यानें उपाय काय सांगितला? व्रत नव्हे, प्रायश्चित्त नव्हे, गरिबांसाठीं वेगळें सदावर्त नव्हे. एकमेकांसाठीं थांबा, एवढेंच. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकमेकांचें आदरानें स्वागत करा असाही होतो. दोन्ही अर्थ घेतले तरी गोष्ट एकच राहते : हमाल येईपर्यंत सावकारानें हात आंखडून बसायचें. ज्या घरांत कधीं पान वाढून वाट पाहिली आहे, त्या घरांतल्या बाईला हा उपदेश ताबडतोब समजेल. पंडितांना तो समजायला बराच वेळ लागला.

यापुढचा बारावा अध्याय शरीराच्या दृष्टान्ताचा आहे. समाज म्हणजे एक शरीर, ही कल्पना पौलाच्या आधींची. इ. स. पूर्वी ४९४ सालीं रोमचे गरीब लोक रुसून शहराबाहेर जाऊन बसले तेव्हां मेनेनियस अग्रिप्पा नांवाच्या सरदारानें त्यांना एक गोष्ट सांगितली, असें लिव्ही हा इतिहासकार लिहितो. हातापायांनीं पोटाविरुद्ध संप केला, पोटाला अन्न मिळेना, आणि शेवटीं हातपायच वाळून गेले. म्हणून बाबांनो, कामावर चला. म्हणजे शरीर एक आहे हें सांगायचें तें राबणाऱ्याला गप्प बसविण्यासाठीं. आमच्याकडे पुरुषसूक्तांतही एक शरीर आहे. त्याच्या पायांपासून शूद्र झाले असें सांगतात, आणि त्या पायांच्या वांट्याला पुढें काय आलें तें या पत्राच्या वाचकांना सांगायला नको. पौलही शरीरच घेतो, पण बोलणें फिरवून टाकतो. डोळ्यानें हाताला ‘तुझी गरज नाहीं’ म्हणूं नये, डोक्यानें पायांना म्हणूं नये, असा त्याचा रोख आहे. म्हणजे दटावणी वरच्याला आहे. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक जरूरीचे, ज्यांना कमी मान त्यांनाच अधिक मान द्यायचा, आणि एकाला दुखलें तर साऱ्यांना दुखलें पाहिजे. शरीराचा दृष्टान्त इतक्या वेळां आमच्याविरुद्ध वापरला गेला आहे कीं, तो आमच्या बाजूनें वापरलेला पाहून नवल वाटतें.

आणि मग येतो प्रीतीचा अध्याय. आतां तो पुन्हां वाचून पहा. प्रीति फुगत नाहीं, असें तेथें म्हटलें आहे. ‘फुगणें’ हा शब्द पौलानें त्याच पत्रांत करिंथच्या बड्या लोकांना उद्देशून आधीं कितीदां तरी वापरलेला आहे. प्रीति धीर धरते; म्हणजे पंगतीला थांबते. ती आपलेंच पाहत नाहीं. म्हणजे आपलें जेवण पुढें ओढीत नाहीं. प्रत्येक वाक्यासमोर करिंथचा एखादा जेवणारा बसलेला दिसतो. या अध्यायांत आणखी एक बोचरी गोष्ट आहे, ती लग्नांत कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आपलें सारें द्रव्य अन्नदानांत घातलें पण प्रीति नसली तर त्याचा कांहीं उपयोग नाहीं, असें पौल म्हणतो. अन्नछत्रें घालणाऱ्यांनीं यावर विचार करावा. दारांत रांग लावून वाढणें निराळें आणि आपल्या शेजारीं पाट मांडणें निराळें. पहिल्यानें भूक भागते, आणि भुकेल्याला तेंही थोडें नाहीं. पण पौल ज्याला प्रीति म्हणतो ती ही नव्हे.

हें सारें पौलानें स्वतःच्या डोक्यांतून काढलें असें मात्र कोणी समजूं नये. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीति करावी ही आज्ञा येशूनें मुख्य दोन आज्ञांपैकीं एक म्हणून सांगितली, आणि ती त्यानें घेतली यहूदी शास्त्रांतून. जुन्या करारांत लेवीय नांवाचें पुस्तक आहे, त्याच्या एकोणिसाव्या अध्यायांत ती आहे. या आज्ञेचे आसपासचे सोबती कोण, तें आमच्या शेतकरी बंधूंनीं मुद्दाम पाहावें. कापणी करतांना शेताच्या कडेपर्यंत विळा नेऊं नको; पडलेलीं कणसें उचलूं नको; सरवा गरिबाचा व परदेशी माणसाचा आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशीं ठेवूं नको, ती सकाळपर्यंत राहतां कामा नये. बहिऱ्याला शिव्या देऊं नको, आंधळ्याच्या वाटेंत अडथळा ठेवूं नको. न्याय करतांना गरीब म्हणून पक्षपात नको आणि मोठा म्हणून मुर्वत नको. मग प्रीतीची आज्ञा. आणि अध्याय संपत येतो तेव्हां तराजू, वजनें आणि मापें खरीं असावींत, हें. म्हणजे प्रीतीच्या एका बाजूला मजुरी आणि दुसऱ्या बाजूला तराजू. ज्या बलुतेदारानें सुगींत खळ्यावर दिवस दिवस ताटकळून पसाभर धान्यासाठीं पाटलाच्या तोंडाकडे पाहिलें, आणि ज्या शेतकऱ्याचा माल काट्यावर चढतां चढतां हलका झाला, त्यांना ही प्रीति कोणत्या जातीची आहे हें विचारावें लागणार नाहीं.

त्याच अध्यायांत परदेशी माणसावरही स्वतःसारखी प्रीति करा असें सांगून कारण दिलें आहे कीं, तुम्हीही मिसर देशांत परके होतां. या सरव्याच्या कायद्यावर जुन्या करारांत एक सुरेख गोष्ट उभी आहे, ती रूथची. रूथ मवाब देशची, म्हणजे इस्राएली लोकांच्या डोळ्यांत परकी आणि हलकी. नवरा मेल्यावर ती सासूला सोडून माहेरीं गेली नाहीं. तिच्याबरोबर बेथलेहेमला आली आणि बवाज नांवाच्या शेतकऱ्याच्या जवाच्या शेतांत सरवा वेंचूं लागली. बवाजनें तिला जेवायच्या वेळीं कापणी करणाऱ्यांच्या जवळ बसवून घेतलें, आणि गड्यांना बजावलें कीं, पेंढ्यांतून मुद्दाम कणसें पाडा आणि तिला धमकावूं नका. पुढें त्यानें तिच्याशीं लग्न केलें, आणि दावीद राजा तिचा पणतू. सरवा वेंचणारी परकी बाई राजाची पणजी झाली, हें त्या लोकांनीं आपल्या शास्त्रांतून पुसून टाकलें नाहीं.

शोमरोनी माणसानें वाटेवर पडलेल्या जखमी यहूद्याला वांचविलें, हा येशूचा दृष्टान्त बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून तो आम्ही येथें सांगत बसत नाहीं. पण त्याच शोमरोन्यांची दुसरी एक गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानांत आहे, ती आम्हांस अधिक जवळची वाटते. दुपारच्या वेळीं येशू एका विहिरीपाशीं थकून बसला होता. शोमरोनी बाई पाणी भरायला आली. त्यानें तिच्यापाशीं पाणी मागितलें. बाईच चकित झाली, कारण यहूदी लोक शोमरोन्यांचें भांडें वापरीत नसत. महाडच्या चवदार तळ्याची १९२७ सालची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या बाईचें आश्चर्य कशाचें होतें तें कळेल. येशूनें तिला पाणी दिलें नाहीं. तिच्या हातचें मागितलें. यांतला फरक मोठा आहे.

आतां दुसरी बाजू. याच नव्या करारांत गुलामांनीं धन्यांच्या आज्ञेंत राहावें असाही उपदेश आहे. इफिस व कलस्सै येथील मंडळ्यांच्या पत्रांत तो उघड लिहिला आहे. धन्यांनाही तेथें दोन शब्द सुनावले आहेत, पण गुलाम मोकळे करा असें सांगितलेलें नाहीं. अमेरिकेंतल्या गुलामांच्या मालकांनीं तीं वाक्यें पाठ करून ठेवलीं होतीं. गुलामगिरी मोडायला निघालेल्यांनीं त्याच पुस्तकांतली प्रीतीची आज्ञा आणि मिसर देशांतल्या सुटकेची गोष्ट पुढें केली. ज्या अमेरिकन लोकांनीं गुलामांना मुक्त केलें त्यांनाच जोतीरावांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ पुस्तक अर्पण केलें. तेव्हां ग्रंथांत प्रीति लिहिलेली असली म्हणजे काम भागलें असें नाहीं. कोण तो वाचतो आणि कोणत्या पानावर बोट ठेवतो, यावर पुष्कळ अवलंबून असतें.

याचा दाखला दूर शोधायला नको. हिंदुस्थानांत ख्रिस्ती देवळें झालीं आणि जात चपला बाहेर न काढतां त्यांत शिरली. तंजावर व मद्रासकडच्या मंडळ्यांत उच्च म्हणविणारे निराळे बसत आणि प्रभुभोजनाचा प्याला आधीं घेत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनीं जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडला पाहिजे असा हुकूम काढला, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं एकत्र बसण्यापेक्षां मंडळी सोडणें पत्करलें. तिनेवेल्लीकडे वडक्कनकुळम येथें रोमन मंडळीचें देऊळच असें बांधलें होतें कीं, मधल्या भिंतीमुळें दोन जातींनीं एकमेकांना पाहूं नये. ती भिंत १९१० सालीं पाडली. गोव्यांत देवळाच्या उत्सवाचे मान आणि मंडळांचें सभासदत्व पिढ्यान् पिढ्या जातवार वांटलेलें होतें. मदुरेच्या अमेरिकन मिशननें १८४७ सालीं यावर एक साधी कसोटी काढली. उपदेशक म्हणून पगार घेणाऱ्यांनीं खालच्या समजलेल्या जातीच्या माणसानें रांधलेलें अन्न सर्वांच्या पंगतींत बसून खावें. त्या जेवणाला नांवही प्रीतिभोजन. उपदेशक म्हणून प्रीतीवर व्याख्यानें देणाऱ्या पुष्कळांनीं तें अन्न खाण्याऐवजीं नोकरी सोडली. पाद्री लोकांनीं गोऱ्या माणसाचा तोरा आपल्या अंगावरून किती उतरवला, हा प्रश्नही त्यांना विचारण्यासारखा होता. पण कसोटी खरी होती यांत शंका नाहीं. ती करिंथची कसोटी होती.

आमच्या वाचकांत ज्यांच्या घरीं नवा करार असेल, त्यांनीं करिंथचें पत्र अकराव्या अध्यायापासून सलग तेराव्यापर्यंत वाचावें, आणि मग याकोबाचें पत्र काढावें. तें लहान आहे, एका बैठकींत होतें. सभेंत सोन्याची अंगठी घालून आलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांच्या गरिबाला ‘तूं तेथें उभा राहा’ असें म्हणणाऱ्यांची त्यांत चांगली खरडपट्टी काढली आहे. आणि कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते व ती ओरड देवाच्या कानीं जाते, असें शेवटच्या अध्यायांत सांगितलें आहे. पंडिता रमाबाईंनीं अडाणी बायाबापड्यांना समजावें म्हणून मूळ भाषांवरून केलेलें बायबलचें मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं पुरें छापून निघालें. केडगांवच्या मुक्तिसदनांतल्या ज्या बायांनीं तें छापण्याचें काम केलें, त्यांत दुष्काळांत उपाशी सांपडलेल्या पुष्कळ होत्या. मजुरीच्या ओळीचे खिळे जुळवितांना त्यांतल्या एखादीचा हात थोडा थांबला असेल, असें आम्हांस वाटतें.